एमकेओ अबिओला: मोळीविक्या पोरापासून योरुबांच्या सरसेनापतीपर्यंत

सागरवाट

काही दिवसांपूर्वी इथल्याच एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, की आफ्रिकेतले 'चीफ' म्हणजे पैसे फेकून घेतलेले मानपान. मी १९९१ ते ९६ नायजेरियात, लागोसच्या इकेजा भागात एका कापड गिरणीत नोकरीला होतो. पहिली दोन वर्षं मीही अगदी हेच म्हणत असे. नंतर ते मत टिकलं नाही. का, ते सविस्तर लिहितो. माणूस एकच घेतो: मोशूद काशिमावो ओलावाले अबिओला. सगळा नायजेरिया त्याला एमकेओ म्हणायचा.

जन्म २४ ऑगस्ट १९३७, अबेओकुटा, म्हणजे नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांचं एक शहर. बाप कोकोचा छोटा व्यापारी, धंद्यात बुडालेला. एमकेओ त्याचं तेविसावं मूल. आधीची बावीस हाताला लागली नव्हती, म्हणून या पोराचं धड नावच ठेवलं नाही. काशिमावो म्हणायचे, म्हणजे 'बघू या, काय होतं ते'. नवव्या वर्षी पोरगा पहाटे रानात जायचा, सरपण गोळा करायचा, शाळेआधी ते गावात विकायचा आणि पैसे घरी द्यायचा. पुढे बाप्टिस्ट बॉइज हायस्कूल, मग इबादानला बार्कलेज बँकेत कारकुनी, मग ग्लासगोला जाऊन हिशेबशास्त्राचं शिक्षण. परत आल्यावर फायझर, आणि तिथून आयटीटी ही अमेरिकन टेलिफोन कंपनी. या कंपनीत तो आफ्रिका आणि मध्यपूर्वेचा उपाध्यक्ष झाला. १९८० मध्ये 'कॉनकॉर्ड' वृत्तपत्रसमूह काढला आणि इंग्रजीवर न थांबता योरुबा, हौसा आणि इग्बो या तिन्ही भाषांत पत्रं चालवली. बेकरी, शेती, पुस्तकांची दुकानं, विमान कंपनी, फुटबॉल संघ हे सगळं होतंच.

इथपर्यंत गोष्ट कुठल्याही मोठ्या उद्योगपतीची. आता 'चीफ'च्या पदव्यांकडे येतो.

योरुबा भाषेत पैशाला 'ओवो' म्हणतात. मान, प्रतिष्ठा, मातब्बरी याला शब्द आहे 'ओला'. हे दोन शब्द कुणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. एखाद्याकडे ओवो भरपूर असेल आणि ओला अजिबात नसेल, तर तो बिचारा समजला जातो. एमकेओच्या नावात ओला दोनदा आहे. ओलावाले म्हणजे ओला घरी आली, आणि अबिओला म्हणजे ओलामध्ये जन्मलेला. ओवोची ओला करायची रीत म्हणजे गावाकडून मिळणारी पदवी. ती फुकट मिळत नाही हे खरं. पण पैसे देऊन व्यवहार मिटतो असंही नाही, उलट तिथून तो सुरू होतो.

हे मला कळलं ते आमच्या गिरणीला सूत पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्यामुळे. त्याच्या मूळ गावी त्याला पदवी द्यायची होती, आम्हा चार-पाच जणांना बोलावणं होतं. गावचा राजा मण्यांची टोपी घालून बसलेला. आमचा हा व्यापारी, साठीला टेकलेला, दोन गाड्यांचा मालक, पांढऱ्या अग्बाडासकट, म्हणजे घोळदार झग्यासकट, जमिनीवर पालथा पडला. उठल्यावर एका वृद्धानं अकोको नावाच्या झाडाची हिरवी पानं त्याच्या टोपीच्या काठात खोचली. बस, एवढंच. ती पानं खोचली की पदवी लागली. मग बोलके ढोल सुरू झाले. ते ढोल खरोखर बोलतात. योरुबा भाषाच स्वरांच्या चढउतारावर चालते, त्यामुळे वादक दोऱ्या दाबून माणसाच्या कुळाची स्तुती वाजवतो आणि ऐकणाऱ्यांना शब्द न् शब्द समजतो. लोक नाचता नाचता वादकांच्या कपाळाला नोटा चिकटवत होते.

आम्ही रात्री तिथेच राहिलो. सकाळी सहाला दात घासायला बाहेर आलो तर अंगणात तीस-चाळीस माणसं बाकांवर बसलेली. कुणाला मुलाची फी हवी होती, कुणाच्या आईचं अंत्यकार्य अडलं होतं, शाळेचे मास्तर पत्र्यांची यादी घेऊन आले होते. व्यापारी एकेकाला आत बोलावत होता. मी त्याला म्हटलं, आता हे किती दिवस? तो म्हणाला, "मरेपर्यंत. आणि मग माझ्या मुलाकडे येतील."

एमकेओकडे अशा १९७ पदव्या होत्या, ६८ गावा-शहरांनी दिलेल्या. त्याच्या नावावर ६३ माध्यमिक शाळा, १२१ मशिदी आणि चर्च, ४१ ग्रंथालयं आणि २१ पाणीयोजनांना केलेली मदत सांगितली जाते. स्वतः मुसलमान, पण चर्चलाही हात आखडला नाही. हे आकडे मी दानधर्माचा हिशेब म्हणून देत नाही. त्या सकाळच्या अंगणातली गर्दी ६८ ठिकाणी डोळ्यांसमोर आणा, म्हणून देतो.

आणि मग जानेवारी १९८८ मध्ये ओयोच्या आलाफिननं, म्हणजे तिथल्या राजानं, त्याला 'आरे ओना काकान्फो' केलं. चौदावा काकान्फो. मराठीत याला सरसेनापती हाच शब्द जवळचा. जुन्या ओयो साम्राज्यात काकान्फो नेमताना त्याच्या डोक्यावर २०१ चिरे देऊन त्यात औषधं भरत. त्यानं राजधानीत राहायचं नाही, कारण इतकी ताकद राजाच्या शेजारी नको. दर तीन वर्षांनी मोहिमेवर निघायचं. आणि निघाला की तीन महिन्यांत जिंकून परत यायचं, नाहीतर त्याचं प्रेत घरी यायचं. हरून जिवंत परतण्याची सोय त्या पदात नव्हती. एमकेओच्या आधीचा, तेरावा काकान्फो सॅम्युएल अकिंटोला, पश्चिम प्रांताचा प्रमुख, १५ जानेवारी १९६६ च्या लष्करी उठावात मारला गेला. त्यानंतर पद बावीस वर्षं रिकामं होतं. लोक घ्यायला घाबरत होते असं लागोसला सर्रास ऐकू यायचं.

१२ जून १९९३. शनिवार. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. एमकेओच्या पक्षाची निशाणी घोडा. गिरणी बंद होती, मी गच्चीतून समोरच्या शाळेतली रांग पाहत होतो. पाठीला पोर बांधलेल्या बायका, म्हातारे, सगळे शांत उभे. एकही भांडण झालं नाही. त्याला सुमारे ५८ टक्के मतं पडली. २३ जूनला लष्करशहा बाबांगिडानं निवडणूकच रद्द केली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागोस पेटलं, टायर जळत होते, आम्ही चार दिवस घरात बसून होतो. आमचा ड्रायव्हर अबेओकुट्याकडचाच. तो तेव्हा रोज एक योरुबा म्हण म्हणायचा, जी त्या दिवसांत सगळ्यांच्याच तोंडी होती: ज्याचं डोकं, त्याच्या माघारी त्याची हजामत करता येत नाही.

वर्षभरानं, ११ जून १९९४ ला, लागोस बेटावरच्या एपेटेडो भागात एमकेओनं स्वतःला राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं. बारा दिवसांत अटक झाली. जनादेशावरचा हक्क सोडलास तर जामीन मिळेल असं सांगितलं गेलं. त्यानं सोडला नाही. जवळजवळ सगळा काळ एकांतवासात. ४ जून १९९६ ला त्याची बायको कुदिरात लागोसच्या रस्त्यावर गाडीत गोळ्या घालून मारली गेली. ८ जून १९९८ ला हुकूमशहा अबाचा गेला, आता हा सुटणार असं सगळे म्हणत होते, आणि ७ जुलैला अमेरिकन शिष्टमंडळाशी भेट चालू असताना एमकेओ कोसळला आणि गेला.

एका सहीवर घरी जाऊन तो पुन्हा धंद्याला लागू शकला असता. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याला आपण शोभेची पदवी समजतो तिचं वजन त्याला ठाऊक होतं आणि त्यानं ते पेललं.

निशिगंध

फार सुंदर लिहिलंय काका. काशिमावो वाचून थबकले. आपल्याकडे मूल जगत नसलं की दगडू, धोंडू, भिकू ठेवायचे ना, अगदी तेच. माझ्या सख्ख्या आजोबांचं नाव धोंडू होतं, त्यांच्या आधीची चार गेली होती. म्हणजे यमाला वाटावं, या धोंड्यात काय घ्यायचं.

एक शंका: अबिओला राजे होते की सरदार? बातम्यांमध्ये 'किंग' वगैरे शब्द फार सैल वापरतात.

सागरवाट

@निशिगंध, राजे नव्हते. राजा तो 'ओबा', पदवीधारक तो 'ओलोये'. ओबा ठराविक राजघराण्यांतूनच येतो. गादी एका शाखेकडून दुसरीकडे फिरते, निवड करणारे मानकरी असतात, आणि इफा दैवताचा कौल घेतात. थोरला मुलगा म्हणून गादी आपोआप मिळत नाही. ओलोयेंत काही पदं घराण्याची, काही कर्तबगारीची.

तुमच्या धोंडूआजोबांचं वाचून बरं वाटलं. योरुबांत अशा मुलांना 'अबिकू' म्हणतात, मरण्यासाठीच पुन्हा पुन्हा जन्मणारं मूल. त्याला थोपवायला 'थांब', 'मरू नकोस' अशा अर्थाची नावं ठेवतात.

कोकणकडा

उद्योजक आणि थेट ओबा असं उदाहरण आज आहे की. इफेचे सध्याचे ओओनी, म्हणजे तिथले राजे, अदेयेये ओगुनवुसी. शिक्षणानं अकाउंटंट, बांधकाम-मालमत्तेच्या धंद्यातले. २०१५ साली एक्केचाळिसाव्या वर्षी गादीवर आले, एक्कावन्नावे ओओनी. इफे म्हणजे योरुबांच्या कथांप्रमाणे जगाची सुरुवात झाली ते गाव, त्यामुळे त्या गादीचा मान वेगळाच. वर्षातून एकदाच, ओलोजो उत्सवाला, ते 'आरे' नावाचा पवित्र मुकुट घालून बाहेर येतात. माझा भाऊ कामानिमित्त तिकडे असतो, त्यानं गर्दीत उभं राहून पाहिलंय. मुकुट चढला की आवाज थांबतो म्हणाला.

खडीसाखर

लेख आवडला पण एक बाजू सुटली आहे, आणि ती लहान नाही. आयटीटीला टेलिफोनची प्रचंड कंत्राटं लष्करी सरकारांनी दिली आणि देशातले फोन काही चालेनात. प्रसिद्ध गायक फेला कुटीनं त्यावर गाणं करून अबिओलाला नाव घेऊन चोर म्हटलं. तोही अबेओकुट्याचाच. दुसरं, ज्या बाबांगिडानं निवडणूक रद्द केली तो अबिओलाचा जुना मित्र. लष्कराच्या मेहेरबानीवर वाढलेला माणूस शेवटी लष्कराकडून फसवला गेला. त्याच्या शाळा-मशिदी मोजताना तो पैसा कुठून आला हेही मोजायला हवं. ज्या गावाला नळ मिळाला त्यानं पदवी दिली, पण ज्याचा फोन कधी वाजलाच नाही त्यानं काय द्यायचं?

सागरवाट

@खडीसाखर, तुमचा एकही मुद्दा मी नाकारत नाही. मी इकेजाला असताना गिरणीचा फोन आठवड्यातले तीन दिवस मुका असायचा. मुंबईच्या ऑफिसला निरोप द्यायचा तर माणूस व्हिक्टोरिया आयलंडला पाठवावा लागे. ती व्यवस्था कशी उभी राहिली याला एमकेओही जबाबदार होता.

तरीही माझ्यासाठी १९९३ नंतरची पाच वर्षं वेगळी उभी राहतात. त्याच वेळचा दुसरा माणूस पाहा. अर्नेस्ट शोनेकान. तोही एग्बा, म्हणजे योरुबांतल्या अबेओकुट्याकडच्या शाखेचा, घराणं अबेओकुट्याचं, तोही मोठा उद्योगपती, युनायटेड आफ्रिका कंपनीचा प्रमुख, तोही एग्बांचा पदवीधारक मानकरी. २६ ऑगस्ट १९९३ ला बाबांगिडा बाजूला झाला आणि शोनेकानला हंगामी सरकारच्या खुर्चीत बसवलं. तीन महिन्यांच्या आत, १७ नोव्हेंबरला, अबाचानं त्यालाही उठवलं. गाव एक, धंदा मोठा दोघांचाही, पदवी दोघांकडे. एकानं लष्करानं दिलेली खुर्ची घेतली, दुसऱ्यानं लोकांनी दिलेली सोडली नाही. आमच्या ड्रायव्हरला शोनेकानबद्दल विचारलं की तो खिडकीबाहेर बघायचा आणि विषय बदलायचा.

ताम्रपट

काकान्फोबद्दल थोडी भर आणि थोडा मतभेद.

भर अशी, की पदाचा इतिहास निष्ठेचा कमी आणि बंडाचा जास्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अफोंजा इलोरिनला बसून आलाफिनवरच उलटला. मदतीला उत्तरेकडच्या फुलानी जमातीतला मुस्लिम धर्मगुरू आलिमीची माणसं घेतली आणि शेवटी त्यांच्याच हातून मारला गेला. इलोरिन योरुबांच्या हातून गेलं ते आजतागायत अमीराकडे, म्हणजे मुस्लिम राजाकडे, आहे. इजायेचा कुरुन्मी नव्या आलाफिनला मानेना, म्हणून १८६० चं युद्ध पेटलं आणि इजाये उद्ध्वस्त झालं. इबादानचा लातोसा, योरुबांच्याच आपापसातल्या किरिजी युद्धाच्या छावणीत १८८५ मध्ये मेला. ते युद्ध १८७७ पासून सोळा वर्षं चाललं.

मतभेद असा. 'जिंकून या किंवा प्रेत येईल' हा नियम अबिओलाला लावणं ऐकायला छान वाटतं, पण त्यामुळे दोष पदाच्या शापावर जातो. तो शापानं गेला नाही. चार वर्षं कोंडून ठेवल्यामुळे, आजारपणाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे गेला. शवविच्छेदन करणाऱ्या परदेशी डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला, पण त्या हृदयाला चार वर्षं कुणी सांभाळलं नाही याला माणसं जबाबदार आहेत.

सागरवाट

@ताम्रपट, शाप मलाही म्हणायचा नव्हता, लिहिताना तसं झालं असेल तर दुरुस्ती मान्य. पण लोक काय म्हणत होते तेही नोंदवायला हवं. बातमी आली तेव्हा मी पुण्यात होतो. लागोसच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "काकान्फो घरी आला." बाकी तो काहीच बोलू शकला नाही. तो शिकलेला इंजिनिअर होता. शाप मानणारा नव्हता. त्याला त्या क्षणी सुचलेली भाषा ती होती.

अफोंजाच्या उलट एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. जुन्यांपैकी काही काकान्फो स्वतःच्याच राजाशी लढले. हा योरुबांच्या हद्दीबाहेर लढला.

वाळवंटी

मी १९९० ते ९४ कानोला होतो, उत्तरेत. सागरवाट यांच्या शेवटच्या वाक्याला पुरावा देतो. विरोधी उमेदवार बशीर तोफा कानोचाच. तरी कानोत अबिओला जिंकला. आमच्या कारखान्यातले हौसा कामगार, ज्यांना योरुबाचा एक शब्द कळत नव्हता, त्यांच्या सायकलींना घोड्याचं चित्र होतं. विचारलं तर म्हणायचे, तो गरिबीतून आला आहे. 'गरिबीला निरोप' हीच त्याच्या प्रचाराची घोषणा होती. निवडणूक रद्द झाल्यावर दक्षिणेतून आलेली कितीतरी कुटुंबं बिऱ्हाड बांधून गावी निघाली. आता यादवी युद्ध होणार असं वाटून बसस्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. मतदानात एक झालेला देश दोन आठवड्यांत पुन्हा फाटताना पाहिला. ते अजून विसरता येत नाही.

मैत्रेयी_अ

सगळी चर्चा पुरुषांची चालली आहे म्हणून लिहिते. कुदिरात अबिओला ही फक्त 'मारली गेलेली बायको' नव्हे. नवरा कोठडीत असताना १९९४ च्या तेल कामगारांच्या संपाला तिनं बळ दिलं, मोर्चे काढले, परदेशी वकिलातींना गाठलं. न्यूयॉर्कमध्ये नायजेरियाच्या वकिलातीजवळच्या चौकाला तिचं नाव दिलं गेलं.

आणि उद्योजक-सरदार म्हणाल तर अबेओकुट्यालाच शंभर वर्षं आधी एक बाई होऊन गेली, एफुनरोये तिनुबू. तंबाखू, मीठ, पुढे पामतेल आणि बंदुका. लागोसच्या राजकारणात तिचा शब्द इतका चालायला लागला, की १८५६ मध्ये ब्रिटिश वकिलाच्या दबावाखाली तिला लागोस सोडावं लागलं. अबेओकुट्याला येऊन पुन्हा उभी राहिली. १८६४ मध्ये शेजारच्या दाहोमी राज्याच्या फौजेनं हल्ला केला तेव्हा तिनं शहराला दारूगोळा पुरवला आणि एग्बांनी तिला 'इयालोदे' केलं, बायकांच्या वतीनं दरबारात बसणारी सर्वोच्च मानकरी. लागोसमधला तिनुबू चौक तिच्याच नावाचा.

पण ती गुलामांचाही व्यापार करायची. हे लपवून तिचा गौरव करणं मला जमत नाही. विकल्या गेलेल्या माणसांची नावं कुठल्या चौकाला नाहीत.

सागरवाट

@मैत्रेयी_अ, तिनुबूचा मुद्दा आणलात ते फार बरं केलं, कारण त्याचा धागा थेट एमकेओपर्यंत येतो. १९९२ मध्ये आफ्रिकन एकता संघटनेनं गुलामगिरीच्या भरपाईच्या मागणीसाठी मान्यवरांचा एक गट नेमला. त्याचा अध्यक्ष एमकेओ होता. भरपाईसाठी तो आधीपासून स्वतःचे पैसे घालून परिषदा भरवत होता. ज्या गावानं गुलाम विकणारीला इयालोदे केलं, त्याच गावचा माणूस त्या पापाची भरपाई मागत जगभर फिरला. त्यानं मागितली ती युरोप-अमेरिकेकडे. आपल्या गावातल्या वाट्याबद्दलही तो बोलायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

खडीसाखर

@सागरवाट, उत्तर पटलं. माणसाच्या आयुष्याचे दोन हिशेब वेगवेगळे ठेवता येतात, एकानं दुसरा पुसला जात नाही, एवढं मी मान्य करते. पुढे सरकारनं काही केलं का? म्हणजे अधिकृतपणे?

कोकणकडा

@खडीसाखर, वीस वर्षांनी. २०१८ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष बुहारींनी अबिओलाला मरणोत्तर जीसीएफआर हा देशाचा सर्वोच्च सन्मान दिला. हा सन्मान तिथे सहसा राष्ट्रप्रमुखांनाच देतात, त्यामुळे अर्थ सगळ्यांना कळला. लोकशाही दिन आधी २९ मेला असायचा, तो १२ जूनला आणला. अबुजाच्या राष्ट्रीय स्टेडियमलाही आता त्याचं नाव आहे. आणि गंमत नव्हे, खरंच विचार करण्यासारखं: निवडणूक रद्द करणारं सरकार लष्करी, आणि हा सन्मान देणारे बुहारीही एकेकाळचे लष्करशहाच. काकान्फोचं पद मात्र पुन्हा रिकामं राहिलं ते २०१८ च्या जानेवारीपर्यंत. तेव्हा गानी अदाम्स पंधरावे काकान्फो झाले.

निशिगंध

काका, त्या सोहळ्यातलं अकोकोचं पान कसं असतं? फुलझाडाचं की वडा-पिंपळासारखं?

सागरवाट

@निशिगंध, आपल्या बुचाच्या झाडाच्या कुळातलं. सरळसोट वाढतं, पानं गडद हिरवी, चकचकीत, कडा किंचित दातेरी. फुलं फिकट जांभळी, कर्ण्यासारखी. फांदी खोचली तरी जगते म्हणून लोक शेताच्या बांधाला लावतात, हद्दीची खूण म्हणून. देवळाजवळही असतंच. आमच्या क्वार्टर्सच्या मागच्या कुंपणाला तीन होती. मला दोन वर्षं माहीतच नव्हतं. त्या व्यापाऱ्याच्या गावाहून परतल्यावर ड्रायव्हरनं गाडी लावता लावता बोट करून दाखवलं.